सुटायची राहिलेली शपथ

परवा मुलाने आंब्याची पेटी आणली आणि दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवली. हल्ली आंबे खुर्ची-टेबलाच्या उंचीवर राहतात. प्रत्येकाला जाळीची टोपी, पोटावर स्टिकर, आणि वास घ्यायचा तर नाक पेटीत घालावं लागतं. पिंपळे सौदागरच्या अकराव्या मजल्यावर आंबा आला हे शेजाऱ्यांना कळायला काही मार्गच उरलेला नाही. पूर्वी पिंपरीच्या आमच्या चाळीत कोणाकडे आढी घातली, की चार दिवसांनी सगळी चाळ त्या दारावरून सावकाश चालायला लागायची. कोणी विरजण मागायला यायचं, कोणी घड्याळात किती वाजले विचारायला.

त्याच संध्याकाळी माझी नात ऋचा एक इराणी सिनेमा लावून बसली होती. तिच्या कॉलेजात सिनेमा हा अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे परीक्षा जवळ आली की आमच्या घरातला टीव्ही बंद होण्याऐवजी चालू होतो. सिनेमात एक घर होतं आणि घरातली माणसं भांडत होती. तळाशी इंग्रजी अक्षरं पळत होती. मी एक ओळ वाचेपर्यंत पुढची यायची, म्हणून मी वाचणं सोडलं आणि माणसं बघू लागले. तरी सगळं कळत होतं. भांडणाला भाषा लागत नाही, हे मी चाळीत राहून शिकलेली बाई. मध्येच त्या घरातल्या म्हाताऱ्याने एका बाईचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. बाई जी गप्प झाली ती झालीच. पुढे तिच्यावर नाही नाही ते आळ आले, पण ती तोंड उघडेना.

ऋचा वैतागली. म्हणाली, "आजी, ही खरं काय ते सांगून का टाकत नाही? किती सोपं आहे."

मी म्हटलं, "कशी सांगेल? आधी त्या म्हाताऱ्याला 'सुटली' म्हणायला लाव."

ऋचाने सिनेमा थांबवला. तिला हे माहीतच नव्हतं. मी सांगितलं, आमच्याकडे शपथ दोन तऱ्हांची असते. एक आपण घ्यायची, आणि दुसरी दुसऱ्याला घालायची. घेतलेली मोडली तर पाप आपल्या डोक्यावर, आपलं आपण बघून घ्यावं. पण 'तुला माझ्या गळ्याची शपथ आहे' अशी कोणी घातली आणि आपण ती मोडली, तर मरतो तो घालणारा. म्हणजे जीव त्याचा आणि किल्ली आपल्या हातात. यातून मोकळं व्हायचा रस्ता एकच, ज्याने घातली त्यानेच आपल्या तोंडाने 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कोणी म्हणून चालत नाही.

ऋचाला हे फार अशास्त्रीय वाटलं. तिचं बरोबर आहे. पण एका अख्ख्या उन्हाळ्यात आमच्या घराचा श्वास या एका शब्दासाठी अडकून पडला होता, आणि तो शब्द म्हणणारा माणूस शपथ घातल्याचंच विसरला होता. हे तिला सांगायला घेतलं, तर तिने सिनेमा पुन्हा सुरू केला. म्हणून इथे सांगते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पिंपरीच्या बाजारामागे पत्र्याची बैठी चाळ होती, तिच्यात आमच्या दोन खोल्या. हे एका कारखान्यात तीन शिफ्टांत फिरत होते, आणि मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, कायम पहिली शिफ्ट. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना साताऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे आणलं होतं. सगळं जग त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायला लागले.

आबा खोटं बोलत नसत. हे वाक्य वाचायला सोपं आहे. अशा माणसाबरोबर दोन खोल्यांत राहणं सोपं नाही. शेजारणीने तिचं बाळ दाखवायला आणलं, तर आबा म्हणाले, "बापावर गेलंय. पर घाबरू नगा, मोठेपनी बदलत्यात पोरं." यांचे साहेब एकदा चहाला आले आणि सहज विचारलं, सूनबाई नीट बघते ना? आबा म्हणाले, "बघती की. पर च्या पातळ करती." माझ्या लग्नाच्या बैठकीतही त्यांनी स्वतःच्या मुलाबद्दल असंच सांगितलं होतं, "पोरगं लई हुशार न्हाई. पर सांगितल्यालं काम करतंय, आन मारकुटं न्हाई." माझ्या वडिलांनी सुपारी फोडायला एवढंच पुरेसं मानलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर सांगते, त्या वर्णनात एक अक्षर कमी-जास्त नव्हतं.

गावात त्यांनी सख्ख्या भावाच्या विरुद्ध बांधाची साक्ष दिली होती, आणि त्याच संध्याकाळी त्या भावाकडेच जेवायला गेले होते. भावाने वाढलं, हे मला त्याहून मोठं वाटतं.

त्या वर्षी मात्र आबांची आठवण उसवायला लागली होती. नाश्ता झाल्यावर नाश्ता झाला का विचारायचे. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे. त्याचं हसू यायचं. पण मध्येच "तुझी सासू कुठं गेली?" असंही विचारायचे. खरं सांगितलं तर ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडत, पुन्हा पुन्हा. मग मी सरळ सांगायचे, "देवळात गेल्यात." मी काही आबांच्या रक्ताची नव्हते, मला खोटं बोलायला बंदी नव्हती.

मी कामावर गेल्यावर आबांपाशी राबिया बसायची. राबियाभाभी आमची भिंतीपलीकडची शेजारीण, स्कूटर दुरुस्त करणाऱ्या उस्मानभाईंची बायको. माहेर मोशीचं, इंद्रायणीच्या काठचं, त्यामुळे बोली अशी अस्सल की चाळीतल्या ब्राह्मण काकू तिच्याशी बोलताना जपून बोलायच्या. ती कॅम्पातल्या शिंप्याचे शर्ट आणून काजं-बटणं करायची. ते काम घेऊन आबांच्या कॉटपाशी बसायची. मी मोबदल्याचं नाव काढलं, तेव्हा म्हणाली, "आबा मला लेक म्हनत्यात. लेकीला कुनी पगार देतं का?"

राबियाही खोटं बोलत नसे, पण तिची रीत निराळी होती. आबा आपलं खरं समोरच्याच्या तोंडावर आणून टाकत; ही आपलं खरं पदराला बांधून ठेवायची आणि लागेल तेवढंच सोडायची. आबांनी सासूबाई कुठे गेल्या विचारलं, की राबिया सुईवरून डोळे न काढता म्हणायची, "मला न्हाई वो सांगून गेल्या." यात खोटं काहीच नाही. सासूबाई तिला सांगून गेल्या नव्हत्याच. आबांचं समाधान व्हायचं, तिचा धर्मही शाबूत राहायचा. मला हे शहाणपण बघून तेव्हाही मजा वाटायची.

एप्रिलच्या मध्यावर गावाहून एसटीवर घालून आंब्याची पाटी यायची. आमच्या बांधावरची ती रायवळ झाडं, प्रत्येक झाडाला नाव. शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या. शेप्याला खरोखरच शेपूच्या भाजीचा वास यायचा, त्यामुळे तो नेहमी साहेबांना भेट म्हणून जायचा. कॉटखाली गवत पसरून त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा गवत, वर गोणपाट. ही झाली आढी. आणि त्या आढीवरच्या कॉटवर झोपायचे आबा, ज्यांना त्याच वर्षी डॉक्टरांनी मधुमेह सांगितला होता आणि आंबा सक्त बंद केला होता. मांजराला दुधाच्या पातेल्यावर झोपवावं आणि त्याच्या संयमाची वाहवा करावी, असा हा आमचा बंदोबस्त. आबा मात्र डॉक्टरांपुढे मान डोलावून आले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "डॉक्टर साखर नगं म्हनला. आंब्याला कुनी साखर घातलीया?"

मेच्या सुरुवातीला अक्का माहेरपणाला आल्या. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, कराडकडे दिलेली. यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. बापावर त्यांचा जीव होता, आणि आबांच्या खरेपणाचा त्यांना एवढा अभिमान, की आपल्याला वाटणीत काही आलं नाही याचं दुःख त्या कधी करत नसत; आम्हाला आबांचं नाव मिळालं, असं म्हणायच्या. आल्या आल्या त्यांनी पाहिलं, की आबांना पाणी राबिया देते, गोळी राबिया देते, आणि आबा तिला "लेकी" म्हणून हाक मारतात. अक्कांच्या कपाळावर जी आठी पडली, ती मला दिसली. खरी लेक दारात पिशवी घेऊन उभी होती.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी पिकलेले आंबे काढायला आढी उघडली. वरचं गवत जागच्या जागी, आणि मधोमध मोठा खड्डा. शेंदऱ्या बहुतेक संपलेला. शेप्या जसाच्या तसा.

"हे कुनी खाल्लं?" अक्कांनी विचारलं.

यांनी खाल्ले नव्हते, यांना मला विचारल्याशिवाय चहासुद्धा घेता येत नाही. मी खाल्ले नव्हते. अक्कांनी कोयी शोधल्या. मोरीत नाहीत, केराच्या डब्यात नाहीत, चाळीमागच्या उकिरड्यावर नाहीत. मग त्यांनी आबांना विचारलं, "आबा, तुमी आंबा खाल्ला का?"

आबांनी त्यांच्याकडे सरळ बघून सांगितलं, "न्हाई."

झालं. आबा नाही म्हणाले म्हणजे नाही. अक्कांनी हिशेब केला तो सोपा होता. घरातल्या कोणी खाल्ला नाही, मग घरात बाहेरचं कोण बसतं? मी म्हटलं, "अक्का, आबांच्या सदऱ्याच्या बाहीवर पिवळा डाग आहे. मी चार वेळा घासला तरी जात नाही." अक्का म्हणाल्या, "हळदीचा आसंल. तुझा हात सढळ हाय." यांच्याकडे बघितलं, तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर भिंत होती.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी ओसरीवर न्यायनिवाडाच मांडला. स्वतः बेल आणि भंडारा ताटलीत घेऊन बसल्या. "आमच्यातली सगळी बेलभंडारा उचलून शपत घेत्यात. तू तुझ्या कुराणावर हात ठेवून सांग, की ह्या आंब्याचं तुला काय ठावं न्हाई. मी पुन्ना शब्द काढनार न्हाई."

ह्यांनी बेलभंडारा उचलला, मी उचलला. आबा कॉटवरून कौतुकाने बघत होते. गावाकडे असे निवाडे त्यांनी पुष्कळ केले होते, बऱ्याच दिवसांनी घरात काहीतरी शिस्तीत चाललंय असं त्यांना वाटत असावं. आम्ही सगळे राबियाकडे बघत होतो. ती पाचवक्ता नमाज पढणारी बाई; हात ठेवेल आणि प्रकरण मिटेल, अशी माझी खात्री होती.

राबिया म्हणाली, "मी आंबा खाल्ला न्हाई, अक्का. पर हात न्हाई ठेवनार."

"का? खरं आसंल तर भ्या कशाचं?"

"त्याच्यावर हात ठेवला म्हंजी सगळंच सांगाया लागतं. अर्दं सांगून, अर्दं ठिवून चालत न्हाई. मला सगळं सांगता येत न्हाई." तिने अर्धवट काजं केलेला शर्ट घडी केला, सुई दोऱ्याच्या रिळात अडकवली आणि घरी निघून गेली.

अक्कांनी ताटली उचलली. त्यांना पाहिजे ते मिळालं होतं, पण चेहऱ्यावर काही आनंद दिसला नाही. मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "लेक का गेली? च्या न घेता?"

राबिया यायची थांबली. अक्कांनी स्वतःची कॉट आढीवर सरकवली, आणि उरलेले आंबे जागच्या जागी राहिले, त्यामुळे त्यांच्या मते गुन्हा शाबीत झाला. पण आता आबांपाशी अक्कांना बसावं लागे. आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की तिची आमटी तिच्या आईसारखी होत नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की ती झोपेत घोरते. त्याला अक्कांची हरकत नव्हती. पण दिवसातून दहादा आबा त्यांना "राबिया" अशी हाक मारत, आणि अक्का मोरीत जाऊन विनाकारण भांडी आपटत.

खरा प्रश्न माझ्यापुढे होता. महिनाअखेरीला अक्का परत जाणार. त्यानंतर आबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. एकदा ते चष्मा शोधत थेट स्टेशनपर्यंत गेले होते. राबिया आली नाही तर मला कंपनी सोडावी लागणार. त्या पॅकिंगच्या पट्ट्यावर उभं राहायला मी किती जणांशी भांडले होते, ते मलाच ठाऊक. आणि त्याहून टोचत होतं ते हे, की ज्या बाईने माझ्या सासऱ्याला बापासारखं सांभाळलं, तिला माझ्या ओसरीवर चोर ठरवलं गेलं आणि आता ती नळावर मान खाली घालून पाणी भरत होती. चाळीतल्या बायका आपली भांडी तिच्या भांड्यांपासून हातभर लांब ठेवू लागल्या. मला त्या उन्हाळ्यात जेवण गोड लागलं नाही.

एका दुपारी मी सरळ तिच्या घरी गेले. ती बटणं लावत होती. मी म्हटलं, "भाभी, आंबे आबांनी खाल्ले ना?"

ती सुई खाली ठेवून म्हणाली, "वैनी, मला शपत घातलीया. एवढंच सांगते. कुनी ते न्हाई, कशाची ते न्हाई."

घालणारा कोण हे सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "पण तुमच्यात गळ्याची शपथ चालते?"

"न्हाई चालत. आमच्यात अल्लाशिवाय दुसऱ्या कुनाची शपत घ्यायची न्हाई. म्हंजी ही मला लागतच न्हाई."

"मग सांगून टाक की."

"मला न्हाई लागत, वैनी. पर घालनाऱ्याला लागती ना. त्येचा इश्वास हाय तिच्यावर." ती थांबली. "आन समजा मी बोलले, आन आट दिवसांनी त्येला काय झालं. तर माझा इश्वास मला काय उत्तर देईल?"

मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत. श्रद्धा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी त्या शर्टांच्या ढिगाऱ्यापाशी कळलं. आपण मानत नाही, पण समोरचा मानतो म्हणून त्याच्या मानण्याला धक्का लावायचा नाही. राबिया रोज संध्याकाळी आबांना भर उकाड्यात लांब चालायला का न्यायची, तेही कळलं. आंबा थांबवता येत नव्हता, तर तो जिरवायला तरी नेत होती.

आता काम सोपं होतं, असं मला वाटलं. आबांनी 'सुटली' म्हटलं की झालं. अक्का देवळात गेल्या बघून मी राबियाला मागच्या दाराने घरात आणलं. आबा खुलले. मी म्हटलं, "आबा, तुम्ही राबियाला एक शपथ घातली होती. आता सुटली म्हणा."

"कसली शपत?"

"असेल काहीतरी. तुम्ही नुसतं सुटली म्हणा."

आबांनी मान हलवली. "आसं कसं? न बघता आंगठा मी सरकारला दिला न्हाई. कशाची ते कळंल, मग म्हनंन."

मी राबियाला खूण केली. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली. निदान त्यांचं गुपित त्यांनाच सांगायला बंदी नव्हती. आबांचा चेहरा बघता बघता कडक झाला. "मी? चोरून आंबा? लेकी, ही अक्षी खोटी गोष्ट हाय. मी आसं करीनच कसा?" त्यांच्या डोळ्यांत एवढा खरेपणा होता की क्षणभर मलाही वाटलं, आपलंच चुकत असेल. केलेलं ते विसरले होते, पण आपण कसे आहोत हे त्यांना पक्कं आठवत होतं. जी शपथ घातलीच नाही ती सुटली म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं ते बोलत नसत. खरेपणाने असा दरवाजा अडवून धरलेला मी दुसरा पाहिला नाही. राबियाने मुकाट्याने त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि मागच्या दाराने निघून गेली.

आमच्या ओसरीवर तेलाच्या डब्यात तुळस होती. अक्का आल्यापासून रोज आंघोळ करून तिला तांब्याभर पाणी घालत, हात जोडत, पुटपुटत. त्या काय मागत होत्या माहीत नाही, पण पाणी भरपूर घालत. महिना संपत आला असताना माझ्या सुट्टीच्या एका सकाळी मी कणीक मळत होते, आणि अक्कांचं पुटपुटणं मध्येच थांबलं. बाहेर जाऊन बघते तर त्या तुळशीपुढे उकिडव्या बसलेल्या. तुळशीच्या भोवती तांबूस, मऊ, लोंबत्या पानांची रोपं वर आली होती. दाटीवाटीने, एकमेकांना ढकलत.

अक्कांनी एक रोप बोटाने उकरलं. खाली आंब्याची कोय.

कोय तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "आबा आमाला कोय फेकू द्यायचे न्हाईत. आंबा खाल्ला की पुरायची. बांधावरची समदी झाडं आशीच लावल्याली." कोणी खाल्लं हे विसरणाऱ्या माणसाचे हात कोय पुरायची हे विसरले नव्हते. आणि पुरावा रोज पाणी घालून वाढवला होता तो फिर्यादीनेच.

"आबा खोटं बोललं," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजाची एवढी बारीक बाजू मी प्रथमच ऐकली.

"खोटं नाही बोलले, अक्का. विसरले."

"ते तर त्याहून वाईट, सुमन." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ते त्यांना कुनी सांगायचं?"

त्या उठल्या. मला वाटलं रोपं उपटणार. पण त्या सरळ पलीकडे गेल्या, राबियाच्या दाराची कडी वाजवली, आणि तिला हाताला धरून आमच्या ओसरीवर घेऊन आल्या. आवाज ऐकून आबाही काठी टेकत बाहेर आले. नळावरच्या चार बायका हंडे भरून झाले तरी हलल्या नाहीत. अक्कांनी त्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "आबा, आंबं मी खाल्लं."

"तू?"

"व्हय. मी. आन आळ हिच्यावर घातला."

आबांनी अक्कांकडे निरखून बघितलं. "लहानपनी गूळ खायचीस, तवाबी आसंच तोंड करायचीस," ते म्हणाले. "कबूल केलंस, बरं झालं. आता हिला हात जोड."

पन्नाशीच्या अक्कांनी तिशीच्या राबियापुढे हात जोडले. आंब्यांची गोष्ट खोटी होती, पण ते हात खोटे नव्हते. राबियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला तो खोटेपणा सोसवत नव्हता हे दिसत होतं. ती तोंड उघडायला गेली आणि तिला आठवलं, की तिला बोलता येत नाही. तिने ओठ मिटले आणि अक्कांचे हात आपल्या हातात घेतले. अक्का हळूच म्हणाल्या, "तुझं तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मला कळलं."

नेमके तेव्हा हे रात्रपाळी करून आले. सगळं ऐकून घेतलं, आणि त्या अख्ख्या उन्हाळ्यात पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. "पण अक्का तर आंबे गेल्यावर आली." मी चहाचा कप असा हातात दिला, की बशीसकट त्यांना दोन्ही हात लागले. आबांचं लक्ष तोवर तुळशीकडे गेलं होतं. ते वाकून रोपं बघत होते.

"ही कुनी लावली?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाले, "ज्यानं लावली त्यानं चांगलं केलं. पर डब्यात ठेवू नगा, जळतील. लेकी, तुझ्या मोशीला रान हाय न्हवं? तिथं लाव."

तेव्हा त्यांनी राबियाच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना त्या घडीला काही आठवलं होतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. आठवलं असतं तर 'सुटली' म्हणाले असते. म्हणाले नाहीत. राबिया दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कॉटपाशी बसायला लागली, मी पट्ट्यावर उभी राहिले, आणि अक्का कराडला जाताना राबियासाठी घाण्याच्या गुळाची ढेप ठेवून गेल्या. पुढे आबा सगळ्यांनाच विसरले, मला, ह्यांना, अक्कांना. राबियाला शेवटपर्यंत लेकी म्हणत होते, पण ते बहुधा जी कोणी पाणी देईल तिला म्हणत असावेत. ते गेले त्या दिवशी अक्का आणि राबिया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि कोणी कोणाला आवरायचं हे बाकीच्यांना कळेना.

सिनेमाच्या त्या संध्याकाळनंतर मी राबियाला फोन केला. ती आता मोशीला नातवापाशी राहते. मोशीच्या आपल्या रानात आता सोसायट्या झाल्या असं मी म्हणते, तेव्हा ती मला आठवण करून देते, की रान तिच्या माहेरचं होतं. त्यातला एक तुकडा तिच्या भावाने राखला, आणि त्या तुकड्यावर एक झाड आहे. तुळशीच्या डब्यातून नेलेली बाकीची रोपं गेली, ते एक जगलं. रविवारी ती नातवाच्या गाडीवर मागे बसून आली. गुडघ्यांनी तिला दगा दिलाय, जिभेने नाही. हातात कापडी पिशवी, आणि ती लिफ्टमधून बाहेर पडायच्या आधी वास दारात पोचला. अकराव्या मजल्यावरच्या तीन शेजाऱ्यांनी दारं उघडून बघितलं.

आंबे शेंदऱ्यासारखेच, पण किंचित आंबट. कोयीचं झाड आईबापांसारखं तंतोतंत होत नाही, थोडं आपलं आपलं होतं. ऋचाने एक चोखला, दुसरा चोखला, टोपीवाल्या पेटीकडे ढुंकून बघितलं नाही. कोय केराच्या डब्यात टाकायला निघाली, तर राबियाने हात पुढे केला. "हिकडं दे, बाळा. कोय फेकायची न्हाई."

मी राबियाला म्हटलं, "भाभी, आबांना जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. अक्काही गेल्या. आता कोणाला काही व्हायचं राहिलेलं नाही. आता तरी सांग, ते आंबे कोणी खाल्ले होते?"

राबियाने हसून पिशवीतला आणखी एक आंबा माझ्यापुढे सरकवला. ऋचाला यातलं काहीच कळलं नव्हतं. हनुवटीवरचा रस पुसत तिने सहज विचारलं, "राबियाआजी, काय मस्त आहेत हो. हे झाड कोणी लावलं?"

राबियाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कोयीकडे.

"ते मला इचारू नगंस, बाळा," ती म्हणाली. "त्यांनी अजून सुटली म्हनलं न्हाई."